चार तास फासे, तेही पैसे न लावता

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलत बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सात या वेळी घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत, पण बहुतेकांच्या तळाशी एकच शंका दिसली: यात मजा नेमकी कशाची? ती माणसागणिक वेगळी असते. शेजारी बसलेल्याची मजा वेगळी आहे हे लक्षात आलं नाही, की टेबल मोडतं.

माझा २४ वर्षांचा मुलगा दर रविवारी मित्राकडे जाऊन चार तास फासे खेळतो. पैसे लावत नाही म्हणतो. कोण जिंकलं विचारलं तर नुसता हसतो. मग हे खेळतात तरी कशासाठी? – एक आई, सहकारनगर

मुलगा खरं बोलतोय. या खेळात पैसे लावायला जागाच नाही. एक जण गेम मास्टर होतो, त्याला टेबलावर सगळे जीएम म्हणतात. बाकीचे तीन ते पाच खेळाडू. प्रत्येकाचं एक पात्र: कुणी चोर, कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. जीएम प्रसंग सांगतो, "दार आतून बंद आहे आणि आत कुणीतरी खोकतंय. काय करता?" सगळा खेळ या शेवटच्या दोन शब्दांवर चालतो. सहज होणारी गोष्ट असेल तर केली म्हटलं की झाली. जमेल की नाही अशी शंका असेल आणि न जमल्यास काही बिघडणार असेल, तेव्हाच फासा पडतो.

लहानपणीच्या चोर-पोलिसात "तुला गोळी लागली", "नाही लागली" यावरून खेळ मोडायचा, आठवत असेल. तेच भांडण इथे फासा मिटवतो. नियमांची जाडजूड पुस्तकं मुळात एवढ्यासाठीच आहेत.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्याआधी त्या मंडळींत छोट्या पुतळ्यांच्या फौजा लढवण्याचे खेळ चालत. फौजेऐवजी एकच माणूस हाती घ्यायचा, आणि तो वाचला तर पुढच्या खेपेला त्यालाच पुढे न्यायचा, असं ठरल्यावर हार-जीत मागे पडली. म्हणून तुमचा मुलगा हसतो. "कोण जिंकलं?" ऐवजी "आज काय काय झालं?" असं विचारून बघा. मात्र अर्धा तास हाताशी ठेवा.

आठ वर्षं बोर्ड गेम खेळतोय. मित्रांच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या सलग गोष्टीत, शिरलो. तिसऱ्या सेशनला दोन तास एका खानावळवाल्याशी गप्पाच चालल्या होत्या. मी जाम कंटाळलो. हा खेळ माझ्यासाठी नाही का? – एक वाचक, औंध

खेळ तुमचा असू शकतो. ते टेबल तुमचं नसावं, किंवा टेबलाला तुम्ही काय शोधताय ते कळलं नसावं.

खेळाडूंचे कल वेगळे असतात ही ओळख जुनी आहे. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्येच चार कल मांडले होते: पात्राची ताकद वाढवत नेणं, पात्र जगणं, डावपेच लढवणं आणि गोष्ट घडवणं. यादी उपयोगी आहे, पण माणसांवर शिक्के मारायला ती वापरू नये असं आमचं मत आहे. शुक्रवारी रात्री ऑफिसातून थकून आलेला माणूस आणि तोच माणूस रविवारी सकाळी, यांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात.

आपला कल ओळखायची एक साधी रीत आहे. सेशन संपवून घरी जाताना गाडीवर कोणता क्षण डोक्यात घोळतो ते बघा. "मी डावीकडून गेलो असतो तर दोघं एका रेषेत सापडले असते" हे आठवत असेल, तर तुम्ही डावपेचांचे. कुणी काय बोललं ते आठवत असेल, तर पात्रांचे. नकाशातली न उघडलेली खोली छळत असेल, तर शोधाचे. आणि काहीच न आठवता नुसतं बरं वाटत असेल, तर तुम्ही माणसांसाठी जाता. तेही कारण पूर्ण आहे, त्याला कमी लेखू नका.

पत्रावरून तुम्ही डावपेचांच्या गटातले दिसता. जीएमला स्पष्ट सांगा: दर सेशनला चौकटीवरची एक लढाई हवी. सामान त्याला फारसं लागत नाही. अप्पा बळवंत चौकात मिळणारा मोठा कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक चौकोन म्हणजे ५ फूट, आणि सर्वसाधारण पात्र एका पाळीत ३० फूट, म्हणजे ६ चौकोन चालतं. प्यादी म्हणून ल्युडोच्या सोंगट्या किंवा शर्टाची बटणं घ्या. कॅरमच्या सोंगट्या घेऊ नका. त्यांचा व्यास ३ सेंटिमीटरच्या वर आणि चौकोन अडीचचा, त्यामुळे त्या शेजारच्या चौकोनात घुसतात आणि "मी त्याच्या लगतच होतो" यावरून वाद सुरू होतो.

लढाई रटाळ होते त्याचं कारण बहुतेक वेळा वेळेच्या हिशोबात असतं. पाच खेळाडूंनी तीन-तीन मिनिटं घेतली आणि जीएमने तीन, तर तुमची पाळी १८ मिनिटांनी येते. चार फेऱ्यांत सव्वा तास गेला. यावर तीन सवयी लावून घ्या. जीएमने "आता अमुक, नंतर तमुक" असं पुढच्याला आधीच सावध करायचं. वार लागला का याचा फासा आणि इजेचा फासा एकदमच टाकायचे. एकसारख्या सगळ्या शत्रूंची पाळी एकत्र घ्यायची. एवढ्याने तीच लढाई साधारण अर्ध्या तासात आटोपते.

तरीही अपुरं वाटलं तर पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती (२०१९) बघा. तिथे प्रत्येक पाळीला ३ कृती मिळतात आणि त्या कशा खर्चायच्या यातच निम्मी मजा आहे. नियम ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात.

एक विनंती. पुढच्या वेळी कंटाळलात म्हणून खानावळवाल्यावर तलवार उपसू नका. टेबलावरची सर्वांत जास्त नासधूस दुष्ट खेळाडू करत नाही, कंटाळलेला करतो.

मला अभिनय जमत नाही. कॉलेजात पुरुषोत्तमच्या तालमी बघायला बसायचे, पण स्टेजवर पाय लटपटायचे. मैत्रिणी बोलावताहेत. जाऊ का? – एक वाचक, सदाशिव पेठ

जा. इथे स्टेज नाही आणि प्रेक्षकही नाहीत; बघणारे सगळे स्वतःही खेळत असतात. आवाज बदलणं, पाठ वाकवून म्हातारी होणं, तमाशातल्या बतावणीसारखी हजरजबाबी टोलेबाजी, यातलं काहीही सक्तीचं नाही. समजा तुमचं पात्र एक सुईण आहे. "माझी सुईण त्याला खोटं सांगते, की घरात कुणी आजारी नाही" असं तृतीयपुरुषी सांगितलं तरी खेळ पूर्ण होतो. अनेक मुरलेले खेळाडू वर्षानुवर्षं असंच खेळतात.

पात्राचा दहा पानी पूर्वेतिहास लिहून नेऊ नका. तो कुणी वाचत नाही, आणि मग लिहिणाऱ्याला वाईट वाटतं. तीन ओळी पुरतात. तिला काय हवंय: गहाण पडलेलं घर सोडवायचंय. ती काय टाळते: पाण्यात उतरणं. एक सवय: उत्तर देण्याआधी पदराला गाठ मारते. पहिल्या ओळीमुळे अडल्यावर निर्णय सुचतो. दुसरी जीएमसाठी असते. तो नदी आणणारच. तिसरीमुळे विचार करायला पाच सेकंद मिळतात आणि टेबलाला वाटतं की तुम्ही फार छान अभिनय करताय.

बुजऱ्या माणसांना या खेळाची गोडी लागते ती बहुधा एका गोष्टीमुळे: दुसऱ्याच्या नावावर बोलता येतं. नाही म्हणणं, घासाघीस करणं, मोठ्या माणसाला तोंडावर सुनावणं, हे सगळं सुईण करते, तुम्ही नाही. मात्र हीच सोय गैरवापरालाही उपयोगी पडते. "माझं पात्र असंच वागणार" म्हणत कुणी दुसऱ्याची लूट चोरत असेल, तर ते पात्र त्यानेच बनवलंय एवढं शांतपणे सांगावं.

गोष्ट कुठल्या दिशेला जाईल याची धास्ती असेल, तर जॉन स्टाव्ह्रोपोलस यांची एक्स-कार्डची पद्धत मैत्रिणींना सुचवा. फुली काढलेला एक कागद टेबलाच्या मधोमध ठेवायचा. कुणीही त्याला हात लावला की चालू प्रसंगातला तो भाग गाळून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही.

माझा वीस पैलूंचा फासा दगाबाज आहे. गेल्या सेशनला तीनदा १ पडला. फासा सदोष असू शकतो का? – एक वाचक, कर्वेनगर

असू शकतो, पण तीन एक्के हा त्याचा पुरावा नाही. सेशनभरात २० वेळा फासा टाकला असं धरू. चोख फाशावरही एकदा तरी १ पडण्याची शक्यता ६४ टक्के, आणि तीनदा किंवा जास्त पडण्याची साडेसात टक्के. टेबलावर पाच जण असतील तर त्यांपैकी कुणा एकावर तरी ही पाळी साधारण दर तीन सेशनला एकदा येते. या वेळी तुमच्यावर आली.

शंका फिटत नसेल तर मिठाच्या पाण्यात बघा. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात मीठ थोडं थोडं टाकून ढवळत राहा. सुमारे ३५ ग्रॅमनंतर ते विरघळेनासं होतं. फासा तरंगला की बोटाने गरकन फिरवा आणि वर येणारा आकडा लिहा. असं वीसेक वेळा करा. सतत तोच आकडा किंवा त्याचे शेजारी वर येत असतील, तर त्या बाजूला आत हवेचा बुडबुडा अडकलाय. काही फासे या पाण्यातही बुडतात, धातूचे तर तरंगतच नाहीत. त्यांच्यासाठी ही परीक्षा नाही.

फासाच नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून उचलल्या तरी चालतं. उचललेली चिठ्ठी परत टाकायला विसरलात की मात्र हिशोब बिघडतो.

आणि जीएम पडद्याआड फासा टाकून आकडे सोयीने बदलत असेल तर त्याला थांबवा, भले तो तुमच्या भल्यासाठी करत असेल. काय होणार हे जीएमलाही माहीत नसणं, यासाठीच तर पाच डोकी फाशावर वाकतात.

आम्ही पाच जण एरवी मराठीत बोलतो, पण पात्रं बोलायला लागली की इंग्रजी सुरू होतं. मराठीत करून बघितलं तर ऐतिहासिक मालिकेसारखं वाटलं. काय करावं? – एक वाचक, नारायण पेठ

नियमांच्या शब्दांना हात लावू नका. हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसेल), ॲडव्हान्टेज (फाशातली सवलत), इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) हे तसेच राहू द्या. त्यांना प्रतिशब्द शोधण्यात एक सेशन जातं आणि पुढच्या सेशनला ते कुणालाच आठवत नाहीत. जीएमला सूत्रधार म्हणायचा मोह आम्हालाही होतो. पण सूत्रधार म्हटलं की सगळी सूत्रं त्याच्या हातात असं वाटतं, आणि चांगल्या टेबलावर तसं नसतं.

संवाद मात्र आजच्या मराठीत आणा. किल्ल्याचा पहारेकरी "कोण आहे रे तिकडे?" असं सोसायटीच्या वॉचमनसारखं बोलला तर काही बिघडत नाही. "आज्ञा असावी, सरकार" वर गेलात की मालिका सुरू झालीच.

इंग्रजीत नसलेलं एक हत्यार आपल्याकडे आहे: तू, तुम्ही आणि आपण. जीएमने कुठलंही नवं पात्र आणण्याआधी एवढंच ठरवावं, की ते समोरच्याला काय म्हणेल. सावकार "तू कुठनं आलास?" म्हणाला की कोण वर आणि कोण खाली हे वर्णनाशिवाय कळतं. मन वळवण्याचा फासा यशस्वी झाला तर "तो तयार होतो" असं सांगू नका. सावकार एकदम "बसा की, उभे का?" म्हणू दे. उलट, अहो-जाहो करणारा कारकून मध्येच अरे-तुरेवर आला तर सगळे सावध होतात, आणि त्यासाठी एकही नियम लागत नाही.

गोष्टीही परदेशी तळघरांतच घडायला हव्यात असं नाही. तळघर पुण्यातच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा भुयारी नळ बांधला गेला. त्यावर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी हवेची तोंडं आहेत, आणि पाणी पेठांतल्या हौदांत आणि शनिवारवाड्यात पोचत असे. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे वन-शॉटसाठी, याहून आयता नकाशा सापडणार नाही.

मांडणी अशी करा. पेठेतल्या हौदाला तीन दिवस पाणी नाही, आणि तपासाला गेलेला माणूस परतलेला नाही. चार खेळाडू, साडेतीन तास, पाच ठिकाणं: हौद, भुयारातला गाळ, एक उच्छ्वास, वाट फुटते ती जागा आणि तलावाकाठचं तोंड. कागदावर दिव्याच्या तेलाचे सहा चौकोन काढा. प्रत्येक नव्या ठिकाणी एक खोडायचा, फासा फसला की आणखी एक. सहाही संपले की अंधार. भीती घालायला राक्षस लागत नाही, तेल पुरतं.

उच्छ्वासातून वर चढण्याचा आकडा १५ ठेवा. फाशात मिळवायचा पात्राचा आकडा ३ असेल तर वीस पैलूंच्या फाशावर १२ किंवा वर हवेत, म्हणजे शक्यता ४५ टक्के. कुणी वरून दोर धरला तर ॲडव्हान्टेज द्या: दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. शक्यता थेट ७० टक्क्यांजवळ जाते. एकमेकांना हात देण्याची किंमत खेळाडूंना भाषणाशिवाय कळते ती अशी.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. पाणी मुद्दाम अडवलंय हे कळण्याचा पुरावा एकाच फाशावर टांगू नका. तो फसला की गोष्ट तिथेच अडते आणि जीएमला घाम फुटतो. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला निदान तीन धागे ठेवा: गाळातली ताजी पावलं, उकरलेला चुना, हौदावरच्या बाईने रात्री ऐकलेले आवाज. धागा दिसणारच. त्यासाठी किती तेल जळतं, एवढंच फाशाने ठरवावं.

सगळं कागदावरच ठेवा. खऱ्या उच्छ्वासांत डोकावायला जाऊ नका.

तीन वर्षं मीच जीएम. दर सेशनला सहा-सात तास तयारी करते. खेळाडू नेमके दुसरीकडेच जातात. आता मजा येत नाही. – एक वाचक, बाणेर

जीएमपणात दोन निरनिराळ्या मजा आहेत: घरी बसून जग रचण्याची, आणि टेबलावर चकित होण्याची. तुमची पहिली दुसरीला खातेय. सात तास खपून लिहिलेल्या गोष्टीतून खेळाडू बाहेर पडले की ते तुम्हाला अपमानासारखं लागतं, आणि मग त्यांना परत ओढण्यात संध्याकाळ जाते.

पुढच्या वेळी अर्धा कागद घ्या. काहीतरी हवं असलेली तीन माणसं, दोन जागा, आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय घडेल याची एक ओळ. पाऊण तासात उठा. खेळाडूंना कुठेही जाऊ द्या. ती तीन माणसं त्यांच्या मागे येतील.

महिनाभर कॅम्पेन बंद ठेवून दुसरं काही खेळलात तरी चालेल. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये जीएम फासा टाकतच नाही. खेळाडू सहा पैलूंचे दोन फासे टाकतात: ६ किंवा खाली आले तर संकट, ७ ते ९ ला काम होतं पण किंमत मोजून, १० किंवा वर आले तर निर्विघ्न. बेरीज-वजाबाकी काही नसेल तर पहिल्या दोन्हींची शक्यता प्रत्येकी ४२ टक्क्यांच्या आसपास, तिसरीची १७. गोष्ट सतत मधल्या वाटेवर हेलकावत राहते आणि तयारी जवळजवळ लागतच नाही.

किंवा फियास्को (२००९) घ्या. त्यात जीएमच नाही. तीन ते पाच जण, एक संध्याकाळ, आणि पहिल्या आवृत्तीला दर खेळाडूमागे सहा पैलूंचे चार फासे, दोन एका रंगाचे आणि दोन दुसऱ्या. तुमच्याकडे वर्षानुवर्षं नुसतं खेळायला येणाऱ्यांना त्या रात्री कळेल, की प्रसंग उभा करायला काय लागतं.

एक हडपसरला, एक पिंपरीला, तिघं कोथरूडला. तारीखच जमत नाही. – एक वाचक, कोथरूड

तारखेसाठी ग्रुपवर मतदान घेणं बंद करा. महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी साडेनऊ ते एक, कायमचं ठरवून टाका. पाचांपैकी तिघं आले की खेळ होणार. न आलेल्याचं पात्र त्या दिवशी बाहेर घोडे सांभाळतं: त्याला इजा होत नाही, लुटीत वाटाही मिळत नाही. वाटा बुडाला की हडपसरवाला पुढच्या खेपेला वेळेवर येतो. खायला भजी ठेवू नका, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेले कागद, तेलाने पारदर्शक होतात आणि पेन्सिल उमटत नाही. चिवडा ठेवा, वाटीत आणि चमच्यासकट.